माळ्यावरचा तंबोरा विकायच्या आधी एवढं बघा

असोदा (ता. जळगाव) : जुन्या वस्तू विकत घेणारे लोक मोटारसायकलवर गावोगाव फिरतात, हे आपल्याला नवीन नाही. पितळी घंगाळ, हंडे, पानाचे डबे, जुन्या दारांच्या चौकटी, सगळं विचारतात. मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत असाच एक जण आला. आमची साफसफाई चालू होती, माळ्यावरून आबांचा तंबोरा खाली काढून ओट्यावर ठेवलेला. त्याने बघितला आणि म्हणाला, तीन हजार देतो. मी नाही म्हणालो तर एका दमात सात हजारांवर गेला.

आबा म्हणजे माझे आजोबा. गावच्या भजनी मंडळात गायचे. ते गेल्यावर तंबोरा काही वर्षं खुंटीवर होता, मग घराला रंग दिला तेव्हा माळ्यावर गेला तो तिथेच राहिला. दोन तारा तुटलेल्या, एक खुंटी गायब, भोपळ्यावर धुळीचा थर. काका म्हणाले, "कायले ठेवतो रे ते? उंदरं खातीन. देऊन टाक." वाटणीत तंबोऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे त्यावर हक्क तिन्ही घरांचा. सात हजाराचे तीन वाटे, असा हिशोबही तिथल्या तिथे झाला.

मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत आणि पुढच्या चार महिन्यांत जे समजलं ते इथे लिहितो आहे. आपल्या भागात जुन्या भजनी घरांत तंबोरा, वीणा, एकतारी पडून असतात. ती टाकाऊ आहे की चांगली, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. सांगायला येतो तो घेणारा, आणि त्याचा स्वार्थ वेगळा असतो.

आधी वाद्य कोणतं, कोणाचं

दांडीवर आडवे धातूचे पडदे बांधलेले असतील तर ती सतार. पडदे नाहीत, वर चार खुंट्या, त्यातल्या दोन समोर आणि दोन बाजूंना, खाली मोठा भोपळा, तर तो तंबोरा. एक तार, एक काठी आणि लहान भोपळा असेल तर एकतारी. सप्ताहात वीणेकरी गळ्यात अडकवून उभा राहतो ती वीणा. तंबोरा आणि आपली वारकऱ्यांची वीणा या दोन्हींवर गाणं वाजवत नाहीत, त्या फक्त सूर धरून ठेवतात. म्हणून त्यांची परीक्षाही एकाच गोष्टीवर होते: सूर किती वेळ टिकतो आणि किती भरून येतो.

वीणा असेल तर एक जास्तीची चौकशी करा. सप्ताहात दिवसरात्र वीणेचा पहारा असतो, ती खाली ठेवत नाहीत, आणि सप्ताह संपला की कोणाच्या तरी घरी सांभाळायला देतात. अशी वीणा वीस-तीस वर्षं एकाच घरात राहिली की मुलांना ती घरचीच वाटते. मंडळाची जुनी वही बघा, वीणेवर देणगीदाराचं नाव कोरलंय का बघा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. मंडळाची निघाली तर विकायचा विषय तिथेच संपला.

मी केलेल्या दोन चुका

पहिली चूक अशी की मी तंबोरा पुसून दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवला. धान्याला ऊन देतो तसं याला दिलं म्हणजे ओल जाईल, कीड जाईल, असा शेतकऱ्याचा हिशोब. संध्याकाळी पाहिलं तर भोपळा आणि तबली यांच्या जोडावर केसाएवढी फट होती. सकाळी ती होती की नव्हती, देव जाणे. मी आधी फोटोच काढला नव्हता. जुनी वाद्यं सरसाने जोडलेली असतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो उष्णतेने आणि ओलीने सुटतो. शिवाय भोपळा, तबली आणि दांडी उन्हात सारखी आकसत नाहीत, मग ताण जोडावरच येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि जून-जुलैत हवा एकदम दमट होते. तंबोरा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला तर हे चक्र दरवर्षी त्याच्या अंगावरून जातं.

दुसरी चूक म्हणजे खुंट्या फिरत नव्हत्या म्हणून तेल सोडलं. खुंटी लाकडात लाकूड घासून धरते, तेल गेलं की धरतच नाही. तार चढवली की सर्रकन उलटी फिरते. अडकलेल्या खुंटीला तेल नको, हातोडी तर नकोच. सैल खुंटीला कोरड्या खडूची पूड चालते.

म्हणून वाद्य खाली काढलं की पहिलं काम फोटोचं. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, खुंट्यांचा भाग जवळून, घोडी जवळून. घोडी म्हणजे तबलीवरचा तो रुंद पूल, ज्याच्यावरून तारा जातात. तारा ताणलेल्या असतील तर हळूहळू सैल करा, एक पूर्ण सोडून मग दुसरी असं नको, सगळ्या थोड्या थोड्या. गंजलेली तार चढवून वाजवून बघायचा मोह टाळा. ती तुटली की डोळ्याकडे येते. निघालेले तुकडे, मणी, शिंगाच्या पट्ट्या, भोपळ्याची कपची, सगळं एका पिशवीत घालून वाद्याबरोबर ठेवा. कारागिराला तोच तुकडा परत बसवणं सोपं जातं.

भोपळा, तबली, दांडी

आता खरी परीक्षा. यात तीनच गोष्टी मोठ्या आहेत आणि बाकी सगळं बदलता येतं.

भोपळ्यापासून सुरू करू, कारण तो आपल्या धंद्यातला आहे. हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू जातीचा. कडू असल्यामुळे त्याला किडा कमी लागतो. सोलापूर जिल्ह्यात भीमाकाठी, पंढरपूर-मंगळवेढा भागात याची शेती होते आणि मिरजेचे कारागीर तिथून भोपळे नेतात. वेलावर पूर्ण पिकवून, वाळवून, आतला गर काढून तो कापतात. एकसारखा गोल आणि मोठा भोपळा नेहमी मिळत नाही, म्हणून जुन्या वाद्याचा चांगला भोपळा शाबूत असेल तर तो जपण्यासारखा असतो.

तपासायचं कसं? बाजारात मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसंच. भोपळ्यावर बोटाच्या पेराने हलकेच चार-पाच ठिकाणी ठोका. भरीव, घुमणारा आवाज आला तर ठीक. एखाद्या जागी चिरलेल्या मडक्यासारखा फटफट आवाज आला तर तिथे चीर आहे किंवा आतून जोड सुटला आहे. मग खोलीत अंधार करा आणि मोबाईलची बॅटरी भोपळ्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा. सरळ उजेडात न दिसणारी चीर आडव्या उजेडात सावली टाकते. तबलीवरही हेच करा. चीर दिसली म्हणून घाबरू नका. आतून कापड आणि सरस लावून चीर बांधता येते, जुन्या वाद्यांत अशी दुरुस्ती खूपदा सापडते. भोपळा हाताला भुसभुशीत लागला, दाबला तर दबला, तर मात्र तो गेला.

तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची पातळ फळी. ती मधे किंचित फुगीर असायला हवी. घोडीच्या पुढे-मागे एक सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरून बघा. घोडीखाली तबली खोल गेली असेल तर वर्षानुवर्षं तारांच्या ताणाने ती बसली आहे. थोडी बसलेली चालते. फार बसली असेल तर तबलीच बदलावी लागते, आणि तबली बदलली की आवाज आबांच्या वेळचा राहत नाही. कारण वाद्याचा आवाज मुख्यतः तिथूनच निघतो.

दांडी बघताना वाद्य आडवं धरून एका टोकाला डोळा लावा, आपण ठिबकची नळी किंवा सरी सरळ आहे का बघतो तसा. तारांच्या बाजूला कमान आली असेल तर मोठं काम आहे. दांडी आतून पोकळ असते, म्हणून वरून ठीक दिसली तरी तिच्यावरही ठोकून बघा. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तो गळ्याचा जोड सगळ्यात महत्त्वाचा. तिथे कागदाचा कपटा सरकवून बघा. कपटा आत गेला तर जोड सुटलेला आहे. अशा वाद्याला तार चढवायची नाही, म्हणजे नाही.

खुंट्या, तारा, मणी, वरची पट्टी, पॉलिश, तुटकी नक्षी, यातलं काहीही गेलं असेल तरी वाद्य मेलेलं नसतं. घेणारा नेमकं याच गोष्टी दाखवून भाव पाडतो: "तारा नाहीत, खुंटी नाही, रंग गेला." आणि विकणारा चकचकीत पॉलिश दाखवून भाव वाढवतो. दोन्हीकडे खरी तीन जागांची गोष्ट कोणी काढत नाही.

घोडीचं थोडं वेगळं आहे. तंबोऱ्याचा तो झणकार, ज्याला जवारी म्हणतात, तो घोडीच्या माथ्याच्या बारीक उतारातून येतो. तार त्या उतारावर घासत घासत वाजते, खाली सुताचा धागा सरकवून ती नेमक्या जागी आणतात. वर्षानुवर्षं वाजून माथ्यावर तारांच्या खाचा पडतात, मग आवाज बद्द होतो. पुष्कळ लोक इथे फसतात आणि म्हणतात, वाद्यात आता दम नाही. जाणकार कारागीर कानस लावून जवारी परत काढतो आणि तोच तंबोरा बोलायला लागतो. घरी कानस लावू नका. उतार केसभर जास्त घासला गेला तर घोडी बदलावी लागते.

कीड लागली असेल तर

वाद्य हलवून आत काही खुळखुळतं का ऐका. मग पांढऱ्या कागदावर आठ दिवस तसंच ठेवा. कागदावर मैद्यासारखा बारीक भुगा पडला तर आत कीड जिवंत आहे. लाकडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. भोकाची कड आतून ताज्या लाकडासारखी उजळ असेल तर कीड चालू, काळपट असेल तर जुनी.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. आपल्याकडे धान्यात सल्फासच्या गोळ्या टाकायची सवय आहे. वाद्याच्या पिशवीत गोळी टाकून माळ्यावर ठेवायचा विचार कोणी करत असेल तर करू नका. त्या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो. राहत्या घरात तो जीव घेतो, झोपलेल्या माणसाला समजतही नाही. शिवाय हा वायू तांबं आणि पितळ खातो, म्हणजे तंबोऱ्याच्या पितळी तारेचंही वाटोळं. कीड जिवंत असेल तर वाद्य घरातल्या इतर लाकडापासून वेगळं ठेवा आणि कारागिरालाच दाखवा.

नाव आणि वय

आपल्या भागातला जुना भोपळ्याचा तंबोरा बहुतेक मिरजेचा निघतो. तिथला इतिहास ऐकण्यासारखा आहे. मिरजेत शिकलगार होते, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, शस्त्रांचं काम कमी झालं. 1850 च्या आसपास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग नवीन बनवायला सुरुवात केली. त्यांच्या पुढच्या पिढ्या सतारमेकर या नावानेच ओळखल्या जातात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यामुळे गवय्यांची ये-जा वाढली, आणि ते 1937 मध्ये गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या मीरासाहेब दर्ग्यात संगीत सभा व्हायला लागली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला आहे तसंच.

पण वाद्यावर मिरजेच्या कारागिराच्या नावाची पट्टी आहे म्हणून लगेच उड्या मारू नका. पट्टी एका वाद्यावरून काढून दुसऱ्यावर लावता येते. युरोपात तर कारखान्यात बनलेल्या हजारो साध्या व्हायोलिनच्या आत स्ट्रॅडिव्हेरियस या जगप्रसिद्ध कारागिराच्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवलेली सापडते. आजही घरोघरचे लोक ती चिठ्ठी बघून करोडपती झाल्याची स्वप्नं पाहतात. पट्टीपेक्षा घरातला पुरावा जास्त बोलतो: जुना फोटो, खरेदीची पावती, मंडळाच्या वहीतली नोंद. जोडावर पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद दिसला तर ती दुरुस्ती अलीकडची, कारण फेव्हिकॉल बाजारात आलं 1959 मध्ये. नक्षी हाडाची की सेल्युलॉइडची हे बघायला काही जण तापलेली सुई टोचतात. तसं अजिबात करू नका. सेल्युलॉइड भुरकन पेट घेतं.

जुन्या वाद्यांवर हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरलेलं असू शकतं, विशेषतः घोडीवर आणि नक्षीत. यांच्या खरेदी-विक्रीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, वस्तू आजोबांची असली तरी. अशी शंका असेल तर विकायच्या गोष्टी करण्याआधी वनविभागात विचारा. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष कायद्याखाली येते, ती परदेशात पाठवता येत नाही. मोबाईलवर "फॉरेनचा गिऱ्हाईक आहे" म्हणणाऱ्याला हे ऐकवा आणि तो पुढे काय बोलतो ते बघा.

मिरजेला नेला तेव्हा

जळगावच्या एका गायन शिकवणाऱ्या सरांना फोटो पाठवले. ते म्हणाले, फोटोवर मत देत नाही, पण भोपळा बघून वाटतं की घेऊन जा. आपल्याकडून मिरजेला जायला महाराष्ट्र एक्स्प्रेस सरळ आहे, गाडी बदलायची गरज नाही. तारा सैल केल्या, मणी काढून खिशात ठेवले, घोडीखाली मऊ कापड घातलं, सगळ्याला दोन गोधड्या गुंडाळल्या आणि बर्थवर भिंतीच्या बाजूला ठेवून मी कडेला झोपलो. सामानाच्या डब्यात देऊ नका.

तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने वाद्य मांडीवर घेतलं, अंगठ्याने तबली दाबली, दांडीवरून हात फिरवला आणि गळ्याच्या जोडापाशी थांबला. म्हणाला, "भोपळा एका तंबोऱ्याचा, दांडी दुसऱ्याची. तुमच्या आजोबांच्याही आधी कोणीतरी जोडलेत." म्हणजे जुनं म्हणून मिरवायला काही उरलं नाही. संग्रहात ठेवण्यासारखा नाही, असंही स्पष्ट बोलला. मी विचारलं, मग सात हजार का देत होता तो? हसला. म्हणाला, हॉटेलात भिंतीला लावायला घेतात, त्यांना आवाज कशाला लागतो.

मग त्याने एक तार चढवली, पूर्ण सुरात नाही, बरीच खाली. छेडली. दुकानात शांतता होती म्हणून असेल, पण ती तार मी मनात वीस आकडे मोजेपर्यंत ऐकू येत होती. "दांडी भारी आहे," एवढंच म्हणाला. तबली थोडी बसली होती, ती बदलायची नाही, उचलून घेऊ म्हणाला. जोड उघडून परत बसवायचा, चार खुंट्या नवीन, कारण एक नव्हती आणि तीन मी तेलाने घालवल्या होत्या. जवारी नवीन.

दुरुस्तीचा आकडा त्याने कागदावर लिहून दिला. तो मागून घ्याच, आणि काय बदलणार, काय तेच ठेवणार, हेही त्यावर लिहून घ्या. नाहीतर जुना भोपळा तिथे राहतो आणि नवा घरी येतो, अशा गोष्टी कुठल्याही धंद्यात होतात. खर्च त्या सात हजारांपेक्षा जास्त होता. ज्यांना दुरुस्ती करायची नाही आणि विकायचंही मन नाही, त्यांनी निदान पत्र्याखालून काढून आतल्या खोलीत, भिंतीला न टेकवता, तारा सैल करून सुती कापडात ठेवावा. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट धरते. आणि वाद्य खरंच वेगळ्या घडणीचं वाटलं तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा संग्रह आहे, तो एकदा बघून या. आपल्या घरातलं त्यात कुठे बसतं ते डोळ्यांनाच समजतं.

तंबोरा फेब्रुवारीत परत आला. पहिल्याच दिवशी पूर्ण सुरात चढवायचा नाही, असं कारागिराने बजावलं होतं. दोन सूर खाली लावून रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी थोडा वर, तिसऱ्या दिवशी काळी एकला. सूर मोबाईलच्या तंबोरा ॲपवरून जुळवला, आमच्यात कान कोणाचा नाही. रामनवमीच्या भजनाला नेला तेव्हा काका शेजारी येऊन बसले आणि सगळं भजन होईपर्यंत उठले नाहीत. दुरुस्तीचा त्यांचा तिसरा वाटा मात्र अजून बाकी आहे. कापूस विकला की देतो म्हणालेत.